प्रश्न मला, उत्तरं नवऱ्याची

वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दवाखान्यातल्या ताईंनी एक फॉर्म भरून घेतला. उठता-बसता येतं का, झोप लागते का, मन रमतं का. प्रश्न मला होते, उत्तरं नवऱ्यानं दिली. आमच्या नेकनूरकडं परक्यांसमोर बाईच्या आधी नवराच बोलतो, म्हणून मीही पदर सावरून गप्प बसले. "हिला काय तरास न्हाई, नुसतं धार काढायला बसता येत न्हाई," एवढंच ह्यांनी सांगितलं.

ऑपरेशननंतर वर्षानं पुन्हा तोच फॉर्म. हे खुशीत म्हणाले, "आता लई भारी हाय. दोन्ही म्हशींची धार हीच काढती." ताईंनी भराभर खुणा केल्या. दोन घास जास्त गेले की मला उलटी होते, केस मूठमूठ गळतात, ते कुणी विचारायचं?

"स्वतःबद्दल कसं वाटतं?" ताईंनी शेवटचा प्रश्न वाचला आणि बघितलं ह्यांच्याकडंच. ह्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी फॉर्म ओढून घेतला.

"टाके माझ्या पोटावर हायेत, ह्यांच्या न्हाईत. पहिल्यापासून विचारा, मला. आन् मागच्या वर्षीचा फॉर्मबी काढा."