बेल वाजवून नेलेली कयाक

परवानगी मागणं हा आमच्या घरातला जुना आजार. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांच्या शब्दावर वॉर्ड हलायचा, पण इंग्लंडमधल्या आमच्या मेडनहेड गावात रस्त्यावर गाडी वळवायची तरी समोरच्याला हातानं "चालेल ना?" विचारायचे. ऐंशीच्या दशकात, शाळेत असताना, मला याचं हसू यायचं. पुढे याच सवयीनं माझी अख्खी मोहीम बुडायची वेळ आली.

मोहीम एका पायवाटेची होती. थेम्सच्या काठापासून मागच्या शांत ओढ्यापर्यंत, एका मोठ्या घराच्या कुंपणाला लागून जाणारी, पाच मिनिटांची वाट. नदीवर पुढे बंधारा होता आणि पाणी तिथे धाडकन खाली पडायचं. म्हणून नवशिके लोक बंधाऱ्याच्या अलीकडेच काठाला लागत, कयाक, म्हणजे ती अरुंद वल्ह्याची होडी, उचलत आणि या वाटेनं नेऊन ओढ्यात सोडत. रविवारी मी आणि बाबाही तेच करायचो. फायबरग्लासची जुनी कयाक, पुढचं टोक त्यांच्याकडे, मागचं माझ्याकडे. आत साचलेलं पाणी हमखास माझ्याच बाहीत. दोन्ही बाजूंना नेटल्सची खाजरी झुडपं, आणि हात अडकलेले, त्यामुळे पोटरीला आग लागली तरी नुसतं ओरडायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला ते घर विकलं गेलं. नव्या मालकानं वाटेवर फाटक बसवलं, कुलूप घातलं, 'खासगी' अशी पाटी ठोकली. आता कयाक न्यायची तर मोठ्या रस्त्यावरून, जिथे फुटपाथ नाही आणि लॉऱ्या कोपराला घासून जातात. मी बावीस वर्षांची होते, सरकारनं माणशी सरसकट लावलेल्या पोल टॅक्सविरुद्ध पत्रकं वाटून हात तयार झालेला. एका माणसाला मोकळी बाग हवी म्हणून पोरांनी लॉऱ्यांखाली जायचं? हे वाक्य मी पत्रकात जसंच्या तसं छापलं.

कायदा आमच्या बाजूनं होता. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न घेता जात असतील तर त्या वाटेवर लोकांचा हक्क तयार होतो. गावच्या कौन्सिलला पुरावा म्हणून वाट वापरणाऱ्यांनी भरलेले फॉर्म हवे होते. आमच्या कयाक क्लबातली बहुतेक मंडळी पाच-सात वर्षंच जुनी. पुरी वीस वर्षं वापरणारा मला माहीत असलेला माणूस एकच: बाबा.

त्यांनी किचनमध्ये बसून, पेनात शाई भरून, सावकाश फॉर्म भरला. 'परवानगी घेतली होती का?' या प्रश्नापुढे लिहिलं: हो.

"हो काय, बाबा?"

"अगं, दर मार्चमध्ये हॉस्पिटलातून येताना त्या घराच्या आधीच्या मालकाची, त्या म्हाताऱ्याची, बेल वाजवायचो. यंदाही आम्ही गेलो तर चालेल ना, म्हणून. आणि दिवाळीला आईचे बेसनाचे लाडू."

"किती वर्षं?"

"एकवीस."

"म्हणजे तुम्ही ती वाट लाडवांवर भाड्यानं घेतलीत!"

"लाडवांना नावं ठेवू नकोस," आई ओट्याजवळून म्हणाली. "त्याच्या बायकोनं रेसिपी मागून घेतली होती."

मी कायदा समजावला. बाबांनी शांतपणे ऐकलं. "दुसऱ्याच्या दारावरून जायचं आणि विचारायचं नाही? ही कुठली रीत?"

"इथली! इथे विचारलंत की हक्क गेला. तो रकाना रिकामा सोडा."

"पेशंटच्या नोट्समध्ये ॲलर्जीचा रकाना मी रिकामा सोडतो का?"

मी दार आपटून वर गेले. या देशात राहायला मिळावं म्हणून या माणसानं क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात रांगेत उभं राहून शिक्का मागितला होता. ज्याला राहण्याचीच परवानगी मागायला लावली, तो पायवाटेची मागणारच. मी इथेच जन्मलेली. मला कधी रांग नव्हती, म्हणून 'हक्क' हा शब्द माझ्या तोंडी इतका सोपा होता. तरी राग जाईना.

फॉर्म तीन दिवस माझ्या बॅगेत होता. कचऱ्यात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण 'खरं सांगा' असं दुसऱ्यांना छापून वाटायचं आणि घरातलं खरं दडपायचं, हे जमेना. चौथ्या दिवशी तो कौन्सिलला दिला आणि संध्याकाळी बाबांसमोर वही घेऊन बसले.

"तुमच्याशिवाय त्या वाटेनं कोण जायचं? अगदी सुरुवातीपासून?"

त्यांनी आठवून सांगितलं. एक पोस्टमन. एक नर्स आणि तिचा भाऊ. एक खाटीक, हिरवी बोट डोक्यावर उलटी घेऊन जाणारा. "मी बेल वाजवून दारात उभा असायचो आणि हे सरळ निघून जायचे. म्हातारा बघायचा, बोलायचा नाही. मला उद्धट वाटायचे."

"बाबा, मला ते उद्धट लोकच हवेत!"

हिवाळाभर आम्ही ते शोधले. बाबा गाडी चालवत, मी दारं ठोठावत असे. खाटकाला विचारलं, तुम्ही परवानगी घेतली होती का? "कुणाची?" तो म्हणाला. मी तिथेच त्याच्यापुढे फॉर्म धरला. त्यानं काउंटरवरच, ओल्या हातानं भरला.

सुनावणीला मालकाच्या वकिलानं अर्थातच बाबांचा फॉर्म फडकवला. "डॉक्टर, जमीन त्यांची, वाट त्यांची, म्हणूनच तुम्ही विचारलंत ना?"

"ते घरी होते म्हणून विचारलं," बाबा म्हणाले. "मी तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणतो, म्हणून सकाळ तुमची होत नाही."

हॉल हसला. अधिकारी हसला नाही, त्यानं लिहून घेतलं. निकालात बाबांची एकवीस वर्षं धरली नाहीत. वाट मिळाली ती पोस्टमन, नर्स आणि खाटीक यांच्या वर्षांवर. मी निकाल बाबांना वाचून दाखवला, त्यांचा परिच्छेदही, काही न गाळता.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कयाक धुवायला बाहेर गेले.