तेरवीची सात गाणी

पहिल्याच भेटीत धनराजभाऊंनी माझी कविता वाचली आणि खिडकीबाहेर थुंकले. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता हे खरं, पण थुंकण्याची वेळ त्यांनी नेमकी साधली होती. कागद परत देत म्हणाले, "गुरुजी, 'देवाघरी गेली' कायले लिहिता? मेली. मेली लिहा."

मेली होती ती त्यांची बायको, कला. दवनीवाड्याला ऐन भाताच्या रोवणीत तिला ताप भरला आणि गोंदियाला नेताना जीपमध्येच ती संपली. धनराजभाऊ राइस मिलमध्ये वायरमन. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. स्टेजवर खून पडला की कर्रकन तार ओढायची, एवढंच त्या गिटारचं काम. त्याच गिटारवर आता त्यांना कलाबाईंसाठी रॉकचा अख्खा अल्बम करायचा होता. शब्दांसाठी कोणीतरी माझं नाव सुचवलं, कारण शाळेतल्या निरोप समारंभाच्या कविता मीच लिहितो.

अल्बमचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, 'तेरवी'. का, असं विचारलं तर त्यांचं तोंड कडू झालं. तेराव्या दिवशी मांडवात बसलेल्या सोयऱ्यांनी बुंदी मागून मागून खाल्ली, भाजीत मीठ कमी म्हणून नाकं मुरडली आणि हात धुता धुता एकाने आपल्या मेहुणीचं स्थळही सुचवलं. "तिच्या नावाचा दिवा जळूनच राहिला होता गुरुजी, अन् हा मले साळीचा फोटो दाखवून राहिला." हे सांगताना ते पुन्हा थुंकले. या वेळी मलाही थुंकावंसं वाटलं.

सोमवारी मिल बंद असे. तेव्हा गोदामात कोंड्याच्या पोत्यांच्या भिंती उभ्या करून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. ड्रमचे ठेके त्यांनी ऑर्गनवर, म्हणजे नाटकातल्या कीबोर्डवर, बसवले होते. गायचेही तेच, घोगऱ्या आवाजात. मी 'आत्मा', 'ज्योत', 'पोकळी' असले ठेवणीतले शब्द काढायचो आणि भातावरची माशी हाकलावी तसे ते हाकलायचे. "हे कोनाच्याबी बायकोले चालते," म्हणायचे. "कलाचं लिहा." मग स्वतःच सांगायचे. तिच्या चपला अजून दारात आहेत, कोणी उचलत नाही. डब्यातल्या लाखोरीच्या डाळीला बुरशी आली, पण डबा घासवत नाही. मी ते तसंच्या तसं लिहून घेई आणि मनातून खट्टू होई, की यात माझं काय?

सातवं गाणं चपलांचं. ते जमलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून सलग चार वेळा वाजवलं. मग म्हणाले, "हे वाजवलं का ती दारात उभी दिसते. बोलत नाही, पन दिसते." तिचा धड एक फोटोही घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीत अर्धा चेहरा, तेवढाच. त्यामुळे अल्बम कुठे टाकायचा, कोणाला ऐकवायचा याची त्यांना काडीची घाई नव्हती. घाई मला होती.

अशात तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे वडील वारले. शाळेच्या मैदानावर श्रद्धांजलीची सभा ठरली आणि तिच्यासाठी एखादं गंभीर गाणं मागायला मंडळी माझ्याकडे आली. मी फोनमधून चपलांचं गाणं पाठवून दिलं. धनराजभाऊंना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. गीतकार म्हणून खाली माझं नाव लिहायला मात्र विसरलो नाही.

सभेला माइकच्या वायरी ओढायला धनराजभाऊच होते. फ्लेक्सवर म्हाताऱ्याचा फोटो नखाएवढा आणि हात जोडलेल्या पुढाऱ्याचा पुरुषभर उंच. गाणं सुरू झालं तसा पुढाऱ्याने रुमाल काढला, कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं आणि मग रुमाल डोळ्यांना लावला. 'कोणी उचलत नाही' या ओळीला मागच्या खुर्च्यांत चिवडा फिरत होता. तेवढ्यात कोणी बडे पाहुणे आले. सूत्रसंचालकाने गाणं मध्येच तोडून त्यांचं स्वागत केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गीतकार म्हणून माझं नाव पुकारलं, तेव्हा मी उठून नमस्कारही केला. आज ते आठवलं की मला माझीच शिसारी येते. बुंदी मागणारे परवडले, त्यांना निदान भूक तरी लागली होती.

धनराजभाऊ स्टेजच्या बाजूला हातात टेस्टर घेऊन बसून राहिले. त्यांनी वायर उपटली नाही की आवाज चढवला नाही. सभा संपल्यावर सगळ्या वायरी नीट गुंडाळल्या आणि माझ्याकडे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हात पुढे करून माझा फोन मागितला आणि सातही गाणी एकेक करून पुसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, तुमच्याकडे तर आहेतच ना. त्यावर ते जे बोलले, ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

"आहेत नं. आताच वाजवून पाह्यलं. दारात तो फ्लेक्सवरचा हात जोडून उभा राह्यते, गुरुजी. कला येत नाही."