अप्पांच्या खिडकीतल्या बाटल्या

साडीचा फोटो कुणीही काढू शकतं. पदर नीट पसरावा, उन्हातून बाजूला सरावं, झालं. नांदेडला घरबसल्या साड्या विकायला लागले तेव्हापासून मी फोनवरच फोटो काढत आलेय, आणि आपल्याला यातलं कळतं असं मला वाटायचं. मग धाकट्या भावानं त्याच्या वाईनच्या बाटल्यांचे फोटो काढून मागितले आणि माझी सगळी ऐट उतरली. बाटली म्हणजे आरसाच. फोटो काढायला समोर उभं राहिलं की तिच्या पोटावर आपण, वरचा पंखा, ट्यूबलाइट, दारातून डोकावणारी शेजारीण, सगळे हजर. शिवाय लाल वाईन फोटोत लाल दिसतच नाही, डांबरासारखी काळी दिसते.

भावाच्या द्राक्षबागा किल्लारीजवळ आमच्या शेतात. बेदाणे करून करून तो कंटाळला आणि त्यानं वाईन काढायचं मनावर घेतलं. आमच्या घरी गळ्यात लिंग बांधतात. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, लातूरच्या बाजारात करडई-सोयाबीनचं आडत दुकान होतं, आणि दारूच्या दुकानावरून जायची वेळ आली तर ते रस्त्याची दुसरी कड धरायचे. पोरानं वाईन काढली हे त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. ते भांडले नाहीत, फक्त बोलायचे बंद झाले. भाऊही घरी यायचा बंद झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडं दोन्ही सुंभ शाबूत होते आणि पीळही शाबूत होता. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. अव्वा, आमची आई, दर दिवाळीला त्याच्या वाटणीचे लाडू डब्यात भरून ठेवायची आणि शेवटी शेजारी वाटून टाकायची.

तेव्हा खरं सांगायचं तर मला फोटोंचं फारसं पडलं नव्हतं. फोटोंच्या निमित्तानं त्यानं घराचा उंबरा ओलांडावा आणि अप्पांनी त्याला ‘ये’ म्हणावं, एवढाच माझा डाव होता. मी त्याला ठणकावून सांगितलं की शेतावर फोटो होणार नाहीत. त्यात खोटंही काही नव्हतं. भूकंपानंतरच्या वसाहतीतलं त्याचं घर, बुटक्या खिडक्या, बाहेर फुफाटा नि रखरखीत ऊन. लातूरच्या घरी अप्पांच्या बैठकीची खिडकी उत्तरेला, तिथं दिवसभर सारखा, थंड उजेड. आणि अप्पा दुपारपर्यंत बाजारात. अव्वानं आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “देवघराकडं बाटल्या नेऊ नका, आन् ते यायच्या आत उरका.”

मी थर्माकोलचे दोन तुकडे काखेत मारून एसटीनं आले. कंडक्टरनं विचारलं, यांचं अर्धं तिकीट फाडू का? भाऊ एका खोक्यात सहा बाटल्या घेऊन आला. उंबऱ्यावर जरा घुटमळला, मग चप्पल काढून पाहुण्यासारखा आत आला. मला ते बघवेना म्हणून मी त्याच्यावर खेकसले, “बघतोस काय, बाटल्या पूस!” बाटलीवर एक बोट उमटलं तरी फोटोत ते ढळढळीत दिसतं.

अप्पांच्या बैठ्या मेजावर पांढरा कागद अंथरला. एका अंगाला थर्माकोल, दुसऱ्या अंगाला काळा पुठ्ठा, म्हणजे काचेची कड उठून दिसते. फोन डाळीच्या डब्याला टेकवून टायमर लावला, बोटाचा धक्का लागायला नको. मी काळा कुडता घालूनच आले होते, बाटलीत उमटू नये म्हणून. तरी खिडकीचे गज काचेवर उभे ते उभेच. खिडकीला काहीतरी पातळ, पांढरं हवं होतं. चादर जाड, ओढण्या रंगीत. शेवटी अव्वानंच दोरीवरचं अप्पांचं धुतलेलं धोतर आणून दिलं. ते खिडकीला बांधलं आणि गज गेले, खोलीतला उजेड दुधासारखा झाला.

काळ्या रंगावरचा उपाय भावानं शोधला. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा बाटलीहून जरा बारीक कापून त्यानं मागं उभा केला. समोरून तो दिसत नव्हता, पण खिडकीतला उजेड त्याच्यावरून उलटून बाटलीतून पुढं आला आणि आतली वाईन डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली. भाऊ किती दिवसांनी हसला. “अक्का, बघ की! हाच रंग हाय तिचा. लोकांला दिसत न्हाई, मला रोज दिसतो.”

तेवढ्यात दारात अप्पा.

“हमालांचा संप हाय,” कुणी न विचारताच ते म्हणाले. “आज सौदे न्हाईत.” मग त्यांनी भावाला पाहिलं. भाऊ उठून उभा राहिला. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. अप्पांची नजर खिडकीकडं गेली.

“धोतर काहून बांधलं तिथं?”

“उजेड मऊ होतो, अप्पा,” मी म्हटलं.

“बरं.”

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, पुढं आले, वाकले आणि मेजावरची बाटली उचलली. दारूला कधी बोट न लावलेला माणूस. तेल पारखताना उजेडाला धरतात तशी ती खिडकीसमोर धरली, तिरकी केली, तळाशी गाळ आहे का बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

“नितळ हाय,” ते म्हणाले. मग भावाकडं न बघता, “सरबत हाय व्हय?”

“हाव, सरबतच की,” अव्वा झटकन म्हणाली.

मीही मान हलवली. भाऊ मात्र म्हणाला, “सरबत न्हाई, अप्पा. वाईन हाय. माझ्या हातची हाय.”

तो उर्मटपणे बोलला नाही. मला वाटतं, त्या रंगाचं कौतुक अजून त्याच्या डोळ्यांत होतं. अप्पांनी बाटली होती तिथं ठेवली. मोरीवर जाऊन हात धुतले, टोपी घातली. “दुकानात काम हाय,” म्हणाले आणि बंद बाजाराकडं निघून गेले. अव्वानं ताटं मांडली होती, पण भाऊही जेवायला थांबला नाही.

नांदेडला परत आल्यावर फोटो निवडत बसले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेबलावर ‘वाईन’ हा शब्द मराठीत, पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल एवढा मोठा छापलेला. आणि अप्पा पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा चष्म्याशिवाय वाचायचे. जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून सौदा ठरवायचा. ती रीत कधीच बंद पडली, पण अप्पा तिच्यातच वाढले होते. ‘सरबत’ हा त्यांनी रुमालाखालून दिलेला भाव होता. तो घेतला असता तर त्या दुपारी बाप-लेक एका पंगतीला बसले असते. भावानं रुमालच उचलून टाकला. त्याला तरी काय बोलू? आपल्या हातच्या मालाला खरं नाव मागितलं, एवढंच त्यानं केलं.

फोटो सुरेख आले. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं म्हणे, कुठल्या स्टुडिओत काढले?

पुढं मी लातूरला गेले की अप्पा जेवताना हळूच विचारायचे, “तुझ्या भावाचं सरबत खपून राहिलं का?” मी हे फोनवर भावाला सांगायची, जरा मीठमसाला लावूनच. तो म्हणायचा, “वाईन म्हणू दे त्यांला, उद्या येतो.” एकदा चिडून मी म्हटलं, “घाल तुझी वाईन चुलीत!” त्यानं फोन ठेवून दिला. पण अप्पांनी विचारायचं सोडलं नाही, आणि त्यानं ऐकायचं मनावर घेतलं नाही. मला वाटायचं, आज ना उद्या दोघांपैकी एक थकेल. अप्पा थकायच्या आधी फाल्गुनात गेले, बसल्या जागी.

भेटायला येणाऱ्यांत बाजारातले त्यांचे जुने सोबती होते. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर मान खाली घालून बसला होता. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आडत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “अन् तू काय करतोस रे बाबा, शेतावर?”

भावानं मान वर केली.

“सरबत करतो, काका,” तो म्हणाला. “द्राक्षाचं.”

“अप्पा सांगायचे,” म्हातारा म्हणाला. “लई नितळ असतंय म्हणायचे.”

भाऊ तिथंच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्याला जवळ घ्यावं की दोन थोबाडीत द्याव्या, मला कळेना. एवढंच म्हणायचं होतं रे, गाढवा. तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि मी आत अव्वाजवळ जाऊन बसले.