मागच्या दारानं

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं मला कुणी विचारलं तर मी इब्राहिम मुकादमांचं नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कुणी शिक्षक असावेत. ते आमच्या नगरपरिषदेत सफाई कामगारांचे मुकादम होते, आणि सातवीनंतर त्यांनी शाळा पाहिलेली नव्हती. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. माघारी मात्र त्यांचं नाव 'मागनं मामा' असं पडलं होतं, कारण हा माणूस कुणाच्याही घरी पुढच्या दारानं जात नसे.

आमच्या गावात घरांच्या पाठीमागून अरुंद बोळ जातात आणि बोळातून गटार. मामांची पहाटेची फेरी त्या बोळांतून असायची. हातात वेताची काठी, पायात गमबूट. मध्येच थांबून ते काठी गटारात बुडवायचे आणि गाळ किती चढलाय ते बघायचे. नवा कामगार आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचे, "म्होरनं समदं गाव झ्याक दिसतंय. म्होरनं बघाया पगार न्हाई आपल्याला. मागनं बघ."

कचऱ्यावरून त्यांना घराघरातली बातमी कळायची. पिसं दिसली की म्हणायचे, "देसायांकडं पावणं आल्यात, कोंबडं गेलं बिचारं." एका शिक्षकांच्या बायकोला त्यांनी भर बोळात विचारलं होतं, "वैनी, आज भाकरी करपली न्हवं? गुरुजी गप बसलं का बोललं?" त्या रागावल्या आणि मग हसत सुटल्या. गंमत बाजूला ठेवली तर त्यांचं खरं लक्ष दुसरीकडेच असायचं. ज्या घरातून तीन-चार दिवस काहीच बाहेर पडत नाही, भाजीचं देठसुद्धा नाही, त्या घरापाशी ते थांबायचे.

आमच्या घरापाशी ते तसेच थांबले होते. माझे वडील त्यांच्याच हाताखाली सफाई कामगार होते. मी बारावीत असताना ते काविळीनं गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आठवड्याभरात घरातलं सगळं संपलं. आईनं कुणाला कळू दिलं नाही. एका सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. मामा गमबुटातच उभे होते, हातात तांदळाची पिशवी. आईला ते आक्का म्हणत.

"आक्का, तुझ्या दारामागं चार दिस कचराच न्हाई," एवढंच बोलले आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून पुढं गेले.

सफाई कामगार गेला की त्याच्या वारसाला त्याच जागेवर घेतात. मला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. मी माझ्या नावाचा अर्ज भरून, फोटो चिकटवून मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आईला किती दिवस..."

"आक्काचं हात मोडल्यात काय? अर्ज तिच्या नावानं भर. तुझ्या बापाला मी खराटा दिला. तुला दिला तर वर जाऊन त्येला काय सांगू? कालेजात जा, सुन्या. न्हाई गेलास तर ह्याच काठीनं बडवीन."

आई कामाला लागली. मामांनी तिला पहिल्या वर्षी गटाराचं काम दिलं नाही, बाजारपेठेतल्या झाडलोटीवर ठेवलं. मी एसटीनं कोल्हापूरला जाऊन बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकाल सांगायला गेलो तेव्हा मामा बोळातच भेटले. हात घाण होते म्हणून त्यांनी कोपरानं माझ्या पाठीवर थोपटलं.

साहेबलोकांपुढे त्यांची जीभ अडखळत नसे. मुख्य रस्त्याच्या गटारांवर फरशा टाकायचा ठराव झाला तेव्हा त्यांना सभेत बोलावलं होतं, ते कामगारांच्या वतीनं होकार द्यायला. मामा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, झाकल्यावर गटार दिसायचं बंद हुतंय. वाहायाचं सुरू हुत न्हाई. पैलं मागच्या बोळाचं बघा की." सभागृह हसलं आणि ठराव मंजूर झाला. घंटागाडी आली तेव्हाही ती फक्त मोठ्या रस्त्यानं न्यायची असं वरून ठरलं. मामांनी कुणाला न विचारता ती आमच्या बोळाच्या तोंडाशी पाच मिनिटं थांबवायला सुरुवात केली, कारण तिथल्या दोन म्हाताऱ्यांना डबा घेऊन रस्त्यापर्यंत चालवत नव्हतं. पुढं साहेबांनी जाब विचारला तर म्हणाले, "गाडी तिथं बंद पडती, साहेब. रोज."

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी मला नगरपरिषदेत कंत्राटी काम मिळालं. घरकुल योजनेचं सर्वेक्षण. कच्च्या घरात राहणाऱ्यांना पक्कं घर बांधायला अनुदान मिळणार होतं, आणि कुणाचं घर कच्चं, कुणाचं पक्कं, हे आम्ही घरोघरी जाऊन मोबाइलमध्ये भरायचं होतं. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, आणि घराचा समोरून एक फोटो.

मामांचं घर माझ्याच यादीत आलं. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी हातात धरून दोनदा वाचलं आणि आत हाक मारली, "अगं, साहेब आलाय, कपबशी काढ." समोरची भिंत विटांची होती, गिलावा केलेली. धाकट्या मुलीच्या, रुक्सानाच्या लग्नात तिला पोपटी रंग दिलेला. मामींनी चहा आणला. मी विचारलं, "मामा, आत बघू का जरा?"

"बस की. चहा निवतोय. तुला काय ठावं न्हाई ह्या घरातलं?"

मी बसलो. खरं सांगायचं तर मलाही आत जायचं नव्हतं. ज्या माणसानं मला वाढवलं त्याच्या घरात शिरून कोपरे तपासायचे, हे मला उद्धटपणाचं वाटलं. मी पोपटी भिंतीचा फोटो काढला, 'पक्की' असं भरलं आणि चहा पिऊन उठलो. बोळात गेलो नाही. त्या घराची मागची बाजू मी लहानपणी पाहिलेली होती, पण गेल्या कित्येक वर्षांत एकदाही नाही.

दोन महिन्यांनी यादी फलकावर लागली. अपात्र नावांत मामांचं नाव होतं. कारण: पक्कं घर. मी तसाच धावत त्यांच्याकडे गेलो. घराला वळसा घालून बोळातून बघितलं. मागची सगळी भिंत मातीची, पोटात फुगलेली, तिला तीन लाकडी मेढींचा टेकू लावलेला. कौलांच्या खाली प्लास्टिकचा कागद.

"मामा, हरकतीची मुदत आहे अजून. सही करा, मी आजच दुरुस्त करतो."

त्यांनी सही केली नाही. "तू दिसलं ते लिवलंस. आता बदललंस तर लोक म्हणतील, मुकादमाच्या पोरानं मुकादमाचं घर केलं. तुझी नोकरी नवी हाय, सुन्या. भिंत काय, पंधरा वर्सं उभी हाय."

"पण तुम्ही तेव्हाच का नाही म्हणालात, मागनं बघ म्हणून?"

मामा काठी घेऊन उठले आणि विचारलं, "आक्काचा गुडघा कसा हाय?"

मी त्यांना फार आग्रह केला नाही. नोकरीचं ते बोलले तेव्हा मला आतून थोडं सुटल्यासारखं झालं होतं. हे मी इथं लिहितो, कारण ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. मुदत संपली.

श्रावणात आठ दिवस झड लागली आणि एका दुपारी ती भिंत स्वयंपाकघरात पडली. मामी पाणी आणायला बोळाच्या नळावर गेल्या होत्या म्हणून वाचल्या. भांडी, ट्रंक, चूल, सगळं मातीखाली. दोन दिवसांनी रुक्सानाचा नवरा कबनूरहून टेम्पो घेऊन आला. तो यंत्रमागावर काम करतो, मागांना लागूनच त्यांच्या दोन खोल्या. सामान भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मामा टेम्पोत पुढं बसले, परत उतरले, बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि काठीनं गटारातून प्लास्टिकची एक पिशवी वर काढली.

"हितं अडकतंय बघ सारखं," मला म्हणाले. "सांग त्यास्नी."

त्यांच्याशी माझं समोरासमोर झालेलं ते शेवटचं बोलणं.

त्यानंतर मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलं की त्या घराचं सर्वेक्षण माझ्याकडून चुकलं आहे. ते म्हणाले, "तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. हे लेखी देताय, विचार केलाय ना?" मी कागद परत घेतला नाही. त्यांनी फेरपाहणी मान्य केली, पण अर्जावर अर्जदाराची सही हवी होती. मी अर्ज आणि सोबत एक पत्र कबनूरच्या पत्त्यावर पाठवलं. रविवारी मी स्वतः जाणार होतो. पत्र बुधवारी पोहोचलं. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर मामा खाटेवर आडवे झाले, ते उठले नाहीत.

मी मयतीला गेलो. सगळं आटोपल्यावर रुक्सानानं लिफाफा आणून दिला. "अब्बांचा चष्मा मातीखाली गेला ना, दोनदा वाचून घेतलं माझ्याकडनं," ती म्हणाली. "म्हणाले, बी. ए. झाला तरी लांबड लावतोय." अर्जावर मामांनी आपलं नाव खोडून मामींचं लिहायला लावलं होतं. खाली मामींचा अंगठा होता आणि शेजारी साक्षीदार म्हणून मामांची सही, एकेक अक्षर सुटं सुटं.

अर्ज मी दाखल केला आहे. निर्णय अजून सभेपुढं यायचा आहे. माझं पत्र लिफाफ्यातच होतं, ते असं:

*ती. मामांस सलाम.*

*तुम्ही रागवाल हे ठाऊक असूनही लिहितो. मी साहेबांना लेखी दिलं आहे की तुमच्या घराचं मी चुकीचं भरलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही मला खराट्यापासून लांब ठेवलंत, ते समोरून फोटो काढून परत यायला नव्हे.*

*काल पडक्या भिंतीपाशी गेलो होतो. मातीत तुमच्या तीन मेढी सापडल्या. बुडाशी त्या कुजून काळ्या झाल्या होत्या, म्हणजे फार वर्षांच्या. मी ओट्यावर चहा पीत होतो तेव्हाही त्या तिथंच होत्या, माझ्यापासून वीस पावलांवर. आमच्या घरातला चार दिवसांचा उपास तुम्हाला बोळातून दिसला. मला तेवढी वीस पावलं चालवली नाहीत.*

*सोबत अर्ज आहे. जिथं फुली केली आहे तिथं सही करा. लोक बोलतील ते मी ऐकून घेईन. बोळाच्या तोंडाचं मी सांगितलं. तिथं जाळी बसवली आहे, पिशव्या आता अडकतात पण काढता येतात.*

*आईचा गुडघा बरा आहे. तिनं मामींसाठी लोणचं दिलं आहे, ते घेऊन रविवारी येतो. मामींना कपबशी काढायला सांगू नका. रुक्सानाच्या घराला मागचं दार आहे का ते विचारून ठेवा. मी तिकडूनच येईन.*

*तुमचा,*
*सुन्या*