दुधीवरची चंद्रकोर

शेती ही तपश्चर्या आहे. माझी तपश्चर्या लीड्समधल्या सहा फूट बाय चार फुटांच्या ग्रीनहाऊसमध्ये चालते आणि तिचं यंदाचं एकूण फळ म्हणजे एक दुधी.

पण काय दुधी! इथल्या उन्हाळ्याला उन्हाचंच वावडं, म्हणून बी बॉयलरच्या कपाटात रुजवलं. मधमाश्या फिरकेनात, तेव्हा मुलीच्या रंगाच्या ब्रशने फुलांचं लग्न मीच लावलं. (अंतरपाट नव्हता. मंगलाष्टकं पुटपुटलो, हे मात्र खरं.) दुधी धरल्यावर बायकोच्या, म्हणजे मृणालच्या, ओढणीचा झोका बांधून त्याला त्यात निजवलं.

हे सगळं आमच्या अलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांच्या, समर शोसाठी. त्यात 'इतर भाजी' असा वर्ग असतो आणि गेली दोन वर्षं तो शेजारच्या वाफ्यातला डेरेक जिंकतो. नवलकोलाच्या जोरावर! यंदा मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुधीचे रोज फोटो टाकत होतो. आता हरणं शक्य नव्हतं. बत्तीस कुटुंबांना तोंड दाखवायचं होतं. सगळ्यात कडक नियम: भाजीच्या अंगावर साधा ओरखडाही नको.

शुक्रवारी संध्याकाळी दुधी वेलावरून कापून घरात आणला. शनिवारी, ऐन शोच्या दिवशी, सकाळी पाहतो तर त्याच्या पोटावर नखाची खोल, रेखीव चंद्रकोर!

"आई!"

आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. नख लावून पाहिल्याशिवाय तिने आयुष्यात दुधी घेतलेला नाही. इथल्या सुपरमार्केटात तिने प्लास्टिकमधल्या काकडीलाही नख लावलं होतं. तेव्हा गुन्हेगार शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

"मी हातसुद्धा लावला नाही," आई म्हणाली.

"आई, नखाची खूण आहे चक्क! तुझ्याशिवाय या घरात कोण नख लावतं?"

"सुहास, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. खोटं कोण बोलतंय ते मला कळतं. आणि मी बोलत नाहीये."

"मग काय दुधीने स्वतःच लावून घेतलं?"

यानंतर ती मला 'अहो' म्हणू लागली. "अहो सुहासराव, तुमचा चहा झाला असेल तर निघू या." मंगळवारी तिची परतीची फ्लाइट होती. आईने मला अहो-जाहो करणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती वेळ आलीय त्यालाच कळेल.

मृणालने तिच्या मेकअपमधला कन्सीलर आणला. तो लावल्यावर दुधीला गव्हाळ रंगाचा डाग दिसू लागला. "गजकर्ण झाल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली आणि पुसून टाकला. शेवटी ठरलं, चंद्रकोर खाली करून ठेवायची.

शोच्या हॉलमध्ये कागदी प्लेटवर दुधी ठेवला. हात काढला. दुधी संथपणे कुशीवर वळला आणि चंद्रकोर वर आली. पुन्हा ठेवला. पुन्हा वळला! खाली टेकू द्यायला नियमांत बंदी. (नियम डेरेकने लिहिलेत.) मी प्लेटवर एक बोट ठेवून, आपण सहज उभे आहोत असा चेहरा करून उभा राहिलो. शेजारी आई, इस्त्रीच्या साडीत, माझ्याकडे न बघता. पलीकडे डेरेक, माझ्या बोटाकडे बघत.

जज बाई आल्या. हॉलमधल्या उकाड्यात कोट, कोटावर बिल्ला, हातात भिंग. बरोबर वही घेतलेले दोन गृहस्थ. एवढ्या गांभीर्याने आमच्याकडे हृदयाचंही ऑपरेशन होत नसेल. त्यांनी नवलकोल पाहिला, मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, युअर फिंगर?"

मी बोट काढलं. दुधी वळला.

बाईंनी भिंग लावलं. "अँड व्हॉट इज धिस?"

आणि मी, जन्मदात्रीच्या देखत, स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "माय मदर."

आईला इंग्रजी येतं. तिने शाळेत तेच शिकवलंय.

"नो, बाबा!" आमची नऊ वर्षांची ईरा ओरडली. "ते तू केला! माझ्याकडे व्हिडिओ आहे!"

शुक्रवारी ग्रुपवर टाकायला तिने मृणालच्या फोनवर शूट केलेला तो व्हिडिओ जज बाईंनी संपूर्ण पाहिला. वहीवाल्या गृहस्थांनी पाहिला. डेरेकने दोनदा पाहिला. त्यात मी दुधी छातीशी धरून भाषण करतोय, आणि बोलता बोलता माझा उजवा अंगठा, माझी कसलीही परवानगी न घेता, दुधीच्या पोटात शिरतोय. मला त्याचा पत्ताही नाही.

"आई, चुकलं माझं," मी पुटपुटलो.

"असू द्या हो, सुहासराव," आई म्हणाली. पण तिचा पदर तोंडाशी होता आणि खांदे हलत होते.

'इतर भाजी' वर्गात तीनच स्पर्धक होते. माझा तिसरा नंबर आला. कार्डावर शेरा होता, 'उत्पादकानेच केलेली इजा.' ईराने ते फ्रिजवर लावलं. फोटो मृणालने ग्रुपवर टाकला.

रविवारी आईने दुधी चिरायला घेतला. सुरी लावण्याआधी सवयीने नख लावलं.

"अरे, कोवळा आहे की रे!"

म्हटलं, "हो. मी शुक्रवारीच बघितलं होतं."