अष्टमीला धुतलेले पाय

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून जयपूरला, आदर्श नगरात वरच्या मजल्यावर भाड्याने आलो. इथे नवरात्रात अष्टमीला गल्लीतल्या लहान मुलींना घरी बोलावतात, त्यांचे पाय धुतात, पुरी-हलवा वाढतात. पहिल्याच वर्षी खालच्या मालकीणबाईंनी माझ्या लेकीला बोलावलं. नवरा कुरकुरला, "आपण बौद्ध माणसं, आपला काय संबंध?" मी म्हटलं, "खाऊ द्या की पोरीला पुरी, धर्म काही बदलत नाही तेवढ्याने!" बाईंनी तिचे पाय स्वतःच्या ओढणीने पुसले. आठवडाभर पोरगी गल्लीत ते पाय मिरवत होती.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. त्यांनी निळ्या कोटातली तसबीर आणली आणि दारातून दिसेल अशी हॉलमध्ये लावली. बरंच केलं, लपवायचं काय त्यात! मालकीणबाई लोणचं घेऊन आल्या, तसबीर पाहिली, "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. त्यानंतर लोणचं आलं नाही.

यंदा अष्टमीच्या आदल्या दिवशी लेक धडा पाठ करत होती: छुआछूत कायद्याने बंद झाली, पाळणं गुन्हा आहे. "मम्मी, छुआछूत मतलब काय?" "जुनी गोष्ट आहे गं, पाठ कर." तिला ती कधी कळूच नये, एवढंच मला हवं होतं.

सकाळी बोलावणं आलं नाही. खाली मुलींचा गलका ऐकून ती नवा फ्रॉक घालून आपली आपणच पळाली. लगेच परतली. हातात पुरी-हलव्याची पिशवी होती, दारातूनच दिलेली.

नवरा म्हणाला, "कायदा आहे. तक्रार करतो."

करा ना! काय लिहिणार, पुरी दिली पण पाय नाही धुतले? कुठल्याशा देशाचा पंतप्रधान संसदेत उभा राहून जुन्या पापांची माफी मागताना मी मोबाइलवर पाहिला होता. आमच्याकडे कलम आहे, शिक्षा आहे, पुस्तकात धडा आहे. माफी कोण मागणार? इथे कुणी काही केलेलंच नाही! मला रडूसुद्धा येईना, नुसता जीव जळत होता.

बाथरूममधला नळ कधीचा वाहत होता. जाऊन बघते तर लेक खाली बसून दगडाने टाचा घासत होती. टाचा लालभडक झाल्या होत्या.

"पुढच्या वर्षी मी घरूनच धुऊन जाईन, मम्मी," ती म्हणाली. "मग आंटीला हात नाही लावावा लागणार."