आक्काच्या नावाची शेड

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडीच्या बसथांब्यावर उभी होते. थांबा म्हणजे काय, तर एक खांब आणि त्याच्या भोवती ऊन. हातात डबा, डब्यात तिच्यासाठी केलेली मऊ खिचडी, आणि दवाखान्याकडं जाणाऱ्या बसची वाट बघणं चाललेलं. फोन प्रदीपचा होता, तिच्या मुलाचा. "काकू, आई गेली... तुम्ही आता डबा आणू नका." पोराला त्या वेळी दुसरं काय सुचणार! पण ते 'डबा आणू नका' अजून माझ्या कानातून जात नाही. मी तिथंच फूटपाथच्या कडेला खाली बसले. शेजारी कांताबाई होत्या. छावणीकडच्या एका दवाखान्यात त्या साफसफाईचं काम करतात आणि कितीतरी वर्षं याच खांबाजवळ उभ्या राहतात. त्यांनी आपला पदर माझ्या डोक्यावर धरला. "काय झालं वो बाई?" म्हटलं, "आक्का गेली." कांताबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच दमात त्या बोलून गेल्या, "मग आता आपल्या शेडचं कसं?" बोलल्या आणि जीभ चावली. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. आक्का असती तर तिनंही पहिल्यांदा हेच विचारलं असतं.

आक्का माझी मोठी जाऊ. तोंडावर मी तिला कायम अहो-जाहोच केलं, पण मनात आणि माघारी ती 'ती'च होती, म्हणून इथंही तशीच लिहिते. आमचं घर शेतकऱ्याचं. शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं, मग बांधही गेला, आणि आम्ही न हलता शहरात आलो. मी शाळेत शिकवायला जायची, म्हणून घरात बसनं फिरणारी मी एकटी. बाकीच्यांकडं जीप, फटफटी, काय काय. आक्काला तर बसचं तिकीट कुठं काढतात हेही माहीत नसेल. मग आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला पालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. दादांचा हिशेब सरळ होता. सही तिची, कारभार आपला. निवडून आल्यावर पहिल्या सभेला निघताना दादा म्हणाले, "तू फक्त बस, मी सांगतो कधी हात वर करायचा ते." आक्का म्हणाली, "सभागृहात तुम्हाला बसू देतेत का? नाय ना? मग मला कसं सांगताल? फोन लावून?" दादा रागावून जीप घेऊन निघून गेले. आक्का माझ्याबरोबर थांब्यावर आली. लग्नानंतर पहिल्यांदा बाई बससाठी उभी राहिली, आणि तिथंच काय ते झालं.

वैशाखातलं ऊन होतं. रस्ता रुंद करताना जुनी शेड पाडलेली, तिचे लोखंडी पाय फूटपाथमधून वर आलेले. कंपनीत जाणाऱ्या पोरी, दवाखान्यात जाणाऱ्या बाया, एक पोटुशी बाई विजेच्या खांबाच्या सावलीत उभी. खांबाची सावली ती केवढी! सूर्य सरकेल तशी ती बाई सरकत होती. आक्का नुसती बघत राहिली. बस आल्यावर मला म्हणाली, "शैला, तू रोज अशी उभी राहतीस? आणि घरी आल्यावर कधी बोलली नाहीस?" मी म्हटलं, "बोलण्यासारखं काय आहे त्यात, सगळेच उभे असतात." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी वंगाळच बोलले.

त्यानंतर पाच वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही म्हणा ना. नळाचं, गटारीचं काम लोक मागत, ती करायची. पण तिचा जीव शेडमध्ये. आणि नेमका तेव्हाच सभेपुढं ठराव आला. शहरातल्या सगळ्या जुन्या मोडक्या शेड काढायच्या आणि नव्या बांधायचं काम एका जाहिरात कंपनीला द्यायचं. पालिकेचा खर्च शून्य. कंपनी बांधणार, जाहिराती लावून पैसे काढणार, आणि थांबे कुठले हेही तीच ठरवणार. सगळे माना डोलवत होते. फुकट मिळतंय, नाही कोण म्हणेल? आक्का उठली. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते, शाळेला दांडी मारून. ती म्हणाली, "जाहिरात कोण वाचतं? गाडीतला. सावली कुणाला लागती? पायी चालणाऱ्याला. मग कंपनी शेड कुठं बांधील? जिथं गाड्या थांबत्यात तिथं. आमच्या बाया थांबत्यात तिथं नाय." मग म्हणाली, "रस्त्याला पैसा हाय, दिव्याला हाय, कमानीला तर लईच हाय. शेडला का नाय? अंदाजपत्रकात टाका आणि जिथं जास्त माणसं उभी राहत्यात तिथनं सुरुवात करा." बाकं वाजली. विरोधातल्यांनी वाजवली आणि मग लाज वाटून सत्तेतल्यांनीही. ठराव फेरविचारासाठी परत गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो. दादांनीसुद्धा तो कापून ठेवला. आम्ही पेढे वाटले हो थांब्यावर!

पण परत गेलेला ठराव परत आलाच नाही. जुन्या शेड मात्र तोपर्यंत भंगारात गेल्या होत्या. यंदा तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी, आता मुदत संपत आली, नवं सभागृह आल्यावर बघू. निवडणुकाच लांबल्या, नवं सभागृह कितीतरी वर्षं आलंच नाही, आणि तोपर्यंत आक्का माजी झाली. तरी अंदाजपत्रकाचे दिवस आले की ही पिशवीत पाण्याची बाटली आणि अर्ज घालून निघायची. साहेब लोक चहा पाजायचे, खुर्ची द्यायचे, 'आक्का, आपला विषय लक्षात आहे' म्हणायचे. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं झालं तिचं. गुडघे गेले, मग साखर वाढली, मग किडनी. घरी येऊन म्हणायची, "माणसं चांगली हायेत गं, पण काम करीत नाहीत." मला असला राग यायचा! मी म्हणायची, "चांगली आहेत तर घरी ठेवा की आणून." हसायची नुसती.

थांब्यावरचे लोक मात्र हसत नव्हते. कांताबाईंनी एकदा तिला तोंडावर सुनावलं, माझ्यादेखत. "आक्का, राग नका मानू, पण तो जाहिरातवाला निदान चौकात तरी बांधीत होता. चौकापर्यंत चालत गेलो असतो आम्ही. तुमच्यापायी तेलबी गेलं, तूपबी गेलं, हातात धुपाटणं आलं." त्याच सुमारास एका मोठ्या दुकानदारानं वडिलांच्या स्मरणार्थ याच थांब्यावर शेड बांधून द्यायची तयारी दाखवली. वडिलांचं नाव, फोटो, खाली दुकानाचा पत्ता. लोकांनी आक्काला गळ घातली, तुम्ही पत्र द्या, तुमच्या पत्राला अजून मान आहे. हिनं दिलं नाही. म्हणाली, "आज याचा बाप, उद्या त्याची आई. ज्याच्या घरी पैसाबी हाय आणि मयतबी हाय, त्याच्याच गल्लीत सावली पडायची व्हय? पालिका मग कशाला बांधील? म्हणंल, कुणीतरी मरायची वाट बघा." मला ते तेव्हा पटलं, आजही पटतं. पण माझं काय जातंय पटायला! मी निवृत्त झाले होते. उन्हात कांताबाई उभ्या होत्या. दुकानदारानं शेड दुसरीकडं बांधली, आणि पुष्कळ बाया आक्काशी बोलेनाशा झाल्या.

यंदाच्या निवडणुकीत तिनं तिकीट मागितलं. त्या वयात, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारी बाई! पक्षातल्या पोरांनी पाया पडून नाही म्हटलं. त्यानंतर तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. शेवटी भेटले तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, सुईच्या जागी काळानिळा पडलेला. म्हणाली, "शैला, त्या दिवशी मी गुमान हात वर केला असता तर... थोड्या तरी झाल्या असत्या ना गं शेड?" मी म्हटलं, "आक्का, तुमचंच बरोबर होतं." ती म्हणाली, "बरोबर व्हतं ते मला माहिताय. झालं काय असतं ते विचारते." रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. बाई बरोबर होती, आणि तिच्या बरोबर असण्यानं कुणाच्याही डोक्यावर वीतभर सावली आली नाही. खरं तेच आहे.

तेराव्याला पंगत उठायच्या आधी प्रदीपनं जाहीर केलं की आईच्या स्मरणार्थ मुकुंदवाडीच्या थांब्यावर शेड बांधणार. त्याचं चिकलठाण्याला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, घरचंच काम. सगळे वा वा म्हणाले. मी सगळ्यांदेखत उठले. "अरे, जन्मभर तिनं ज्याला नाही म्हटलं तेच तिच्या नावानं करतोस? लाज वाटू दे थोडी." तो पोरगा रडायला लागला. "काकू, मग मी काय करू? आईसाठी मला दुसरं काय येतं? मला वेल्डिंग येतं." दादा मान खाली घालून बसले होते. दारात कांताबाई उभ्या होत्या, जेवायला म्हणून आलेल्या. त्या म्हणाल्या, "बाई, नाव लावा, फोटो लावा, काय लावायचं ते लावा. पण बांधा. आमचं अर्धं आयुष्य गेलं वो तिथं." मग मी खाली बसले. मेलेल्या माणसाचं तत्त्व जिवंत बाईच्या डोक्यावर किती दिवस तापवायचं? मनातल्या मनात आक्काची माफी मागितली आणि प्रदीपला म्हटलं, "कर बाबा."

ती हयात असताना जे झालं नाही ते चटकन झालं. अर्ज केला आणि आठवडाभरात साहेबांनी स्वतः बोलावलं. मीही गेले. साहेब फार आदरानं बोलले. आक्का म्हणजे आमच्या मातोश्रीसारख्या, म्हणाले. फक्त त्या थांब्यावर काही बांधता येणार नाही, तिथं पुढंमागं पूल प्रस्तावित आहे. पण काळजी करू नका, विमानतळाच्या बाजूला नव्या वसाहतीसमोर रुंद फूटपाथ आहे, स्मरणार्थवाल्यांसाठी तीच जागा सध्या मोकळी आहे. मी म्हटलं, "साहेब, तिथं बसला उभं कोण राहतं? तिथं घरटी दोन गाड्या आहेत." ते म्हणाले, "मॅडम, भविष्यात राहतील." प्रदीपचा सांगाडा वेल्डिंग होऊन, रंग देऊन तयार होता. पाहुण्यांना तारीख कळवलेली. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "चालंल साहेब. आईचं नाव तर राहील." जिन्यात मी त्याला बोलले, पण त्याचा काय उपयोग.

उद्घाटनाला नवे नगरसेवक आले, नारळ फुटला, आक्काच्या दूरदृष्टीवर भाषणं झाली. शेड देखणी झाली आहे, खोटं कशाला बोलू. वर आक्काचा फोटो, खाली 'सौजन्य' आणि प्रदीपच्या वर्कशॉपचा नंबर. कांताबाई दोन बस बदलून आल्या होत्या, कामाच्या निळ्या साडीत. बाकावर जरा टेकल्या, हातानं बाक चाचपला, म्हणाल्या, "गार हाय." मग उठल्या. ड्यूटीला उशीर होत होता.

परवा मी एकटीच गेले. भर दुपार. दोन तास आक्काच्या सावलीत बसले आणि मनसोक्त रडले, कारण तिथं बघायला कुणी नव्हतं. सिग्नलला गाड्या थांबत, काचेआडून माणसं फोटोकडं बघत, नंबर वाचत, निघून जात. घराकडं जाणारी बस दिसली तशी मी उठून हात केला. बस थांबली नाही. दुसरी आली, तीही सुसाट गेली. समोरच्या फाटकावरचा वॉचमन रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "अम्मा, यां बस नै रुकती. रिक्षा बुलाऊं क्या?" मी नको म्हटलं आणि चालत पुढच्या थांब्यावर गेले. तिथं साइटवर काम करणाऱ्या बाया उन्हात उभ्या होत्या, डोक्यावर टॉवेल टाकून. बस तिथं बरोबर थांबली. चढता चढता मी ड्रायव्हरवर खेकसले, "मागच्या स्टॉपवर मी एवढा हात केला, दिसले नाही का? नवी शेड आहे, फोटो लावलाय, तरी थांबवत नाहीस?" पोरगा बिचारा गांगरला. त्यानं आरशातून मागं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "तिथं स्टॉप हाय व्हय, मावशी?"